लाल रेघ गेली तरी इंग्रजी मजकूर कसा तपासावा

फाइलची भाषा आधी बघा. अमेरिकन इंग्रजी असेल तर ब्रिटिश किंवा भारतीय करा आणि स्पेलचेक चालवून घ्या. इथवर कोणालाही जमतं.

यापुढे 'शब्दाखाली लाल रेघ नाही, म्हणजे चूक नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शब्द यादीत आहे का, एवढंच स्पेलचेक मुख्यतः बघतं. दोन्ही रूपं यादीत असली की ते गप्प बसतं, आणि नेमकं तिथेच घोळ होतो.

'जजमेंट' घ्या. 'जी'नंतर 'ई' घातला तरी ब्रिटिश इंग्रजीत चालतं, गाळला तरी चालतं. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात द्यायचा एका वकिलांचा मजकूर मी तपासत होते. त्यात दोन्ही रूपं होती. मला 'ई'वालं शुद्ध वाटलं, म्हणून 'सगळे बदला' दाबलं. संध्याकाळी कागद परत आले, पहिल्याच पानावर लाल पेनाने तीन गोल. कायद्याच्या इंग्रजीत ब्रिटनमध्येही तो 'ई' लिहीत नाहीत. आपल्या १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही नाही. त्याहून वाईट म्हणजे, जुन्या निकालांतली अवतरणंही मी बदलून बसले होते. दुसऱ्याच्या अवतरणाला हात लावायचा नाही. 'सगळे बदला' तर कधीच दाबू नका. एकेक जागा शोधा, वाक्य वाचा, मग बदला.

'ऑर्गनाइज'चंही तेच. 'झेड' म्हणजे अमेरिकन, हे साफ चूक आहे. ऑक्सफर्डचा कोश 'झेड'च आधी देतो. पण 'ॲडव्हर्टाइज', 'सुपरवाइज' यांत सगळीकडे 'एस'च लागतो. माझं मत विचाराल तर इथल्या कामाला सरसकट 'एस' ठेवा, चुकायला जागा कमी राहते. नाशिकमधल्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचं माहितीपत्रक अमेरिकेला जाणार असेल तर गोष्ट वेगळी. जे ठरेल ते कागदावर लिहून समोर ठेवा.

आता प्रिंट काढून वाचा. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म', वहीपेनांच्या 'स्टेशनरी'त 'ई'ऐवजी 'ए' हे कागदावरच दिसतं.

पत्ता सगळ्यात शेवटी. नाशिक आज 'एच' घालून लिहितात, पण १८८३च्या गॅझेटियरमध्ये तो 'एच' नाही आणि जुन्या संस्थांच्या नोंदणीकृत नावातही नसू शकतो. पत्त्यात 'एच' घाला. संस्थेचं नाव मात्र नोंदणीच्या कागदावर असेल तसंच, अक्षरन् अक्षर.