कधी चालते, कधी बंद पडते: जुन्या गाडीतला लपलेला लूज कॉन्टॅक्ट कसा पकडायचा

"भाऊ, मनी गाडी कव्हय चालस, कव्हय नही चालस." चाळीसगावात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की हे वाक्य सारखं कानावर येतं. गाडी पूर्ण बंद असली तर मला सोपं जातं, कारण दोष जागेवर सापडतो. ये-जा करणारा दोष मात्र दुकानासमोर गाडी उभी केली की गायब होतो. मग मालक अंदाजाने पार्ट बदलत सुटतो: बॅटरी, कॉइल, प्लग, सेल्फ. शेतकऱ्याच्या खिशातले एवढे पैसे असे जाताना पाहून मला फार वाईट वाटतं, कारण काढून टाकलेले बरेचसे पार्ट चांगले असतात. खराब असतो तो दोन पार्टांमधला जोड. म्हणून आधी जोड तपासा, आणि ते त्यातून करंट वाहत असताना तपासा.

पाना हातात घ्यायच्या आधी गाडीत एक छोटी वही ठेवा. गाडी बंद पडली की त्याच क्षणी काय झालं ते लिहा. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम गेले, की दिवे चालू राहून नुसतं इंजिन बंद पडलं? सगळंच गेलं तर बॅटरीचा क्लॅम्प, मेन फ्यूज, इग्निशन स्विच (चावीचा स्विच) किंवा मुख्य अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी बॉडीची जोडणी). नुसतं इंजिन गेलं तर कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), इग्नायटर (त्या कॉइलला चालू-बंद करणारा) किंवा त्यांना जाणारी वायर. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) हेही त्यात धरा. गरम झाल्यावर बंद आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू, असं असेल तर संशय कॉइल, इग्नायटर, रिले किंवा सेन्सरवर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. हिवाळाभर टिकलेला रिले अशा वेळी हात टेकतो. खड्ड्यात बंद पडते तर कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट) आणि क्लॅम्प बघा. पावसात किंवा गाडी धुतल्यावर त्रास होतो तर डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप, प्लगच्या वायरी आणि फ्यूज बॉक्स बघा.

हत्यारं थोडीच लागतात. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, वायर ब्रश, पॉलिश पेपर, आणि इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि क्लिपा लावून. हा बल्ब मीटरइतकाच कामाचा आहे. वायरीतला जोड आतून गंजून जेमतेम टेकलेला असला तरी मीटर 'टीं' वाजवून वायर चांगली असल्याचं सांगतो. त्याच वायरीवर हा बल्ब लावला की त्याला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तेवढा त्या गंजलेल्या जोडातून नीट जात नाही, बल्ब मंद पेटतो आणि दोष उघडा पडतो.

बॅटरीवर फार वेळ घालवू नका. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साधारण १० च्या खाली नाही, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. एवढं जमलं तर बॅटरी आणि डायनमो दोन्ही ठीक. चालू गाडीत आकडा मधूनच १२ वर येत असेल तर बेल्टचा ताण आणि डायनमोचे कार्बन (आतले घासणारे ब्रश) बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, क्लॅम्प आतून घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

आता अर्थ. जुन्या गाडीत माझा निम्मा वेळ इथेच जातो आणि मला ते योग्य वाटतं. करंट वायरीने जातो, पण परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. बॉडी, इंजिन आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट गंजले, किंवा रंगकाम करताना पत्र्याच्या त्या जागेवरही रंग मारला गेला, की परतीची वाट अडते. मग करंट भलतीच वाट शोधतो. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, हे त्याचं ठरलेलं लक्षण. दिव्याचा अर्थ तुटलेला असतो, म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून परत जातो. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम होत असेल तर इंजिनचा अर्थ गेलेला आहे, आणि सेल्फचा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून चालला आहे.

तपासायचं असं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास किंवा कमी आला तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. नंतर लाल पिन बॉडीवर ठेवून हेडलाइट, हॉर्न, पंखा सगळं चालू करा. इथे ०.१ च्या वर आकडा मला चालत नाही. एका दूधवाल्या भाऊंची ओम्नी हॉर्न वाजवला की गचका खायची. त्यात एकही पार्ट लागला नाही. बॉडीच्या अर्थचा बोल्ट घासून बसवला आणि काम झालं.

आता इग्निशन स्विच. कार्ब्युरेटरवाली एक मारुती ८०० कन्नड घाटात हमखास बंद पडायची. मालकाने दुसरीकडे कॉइल आणि प्लग बदलून घेतले होते. डॅशबोर्डचे दिवेही त्याच वेळी जातात, हे त्यांच्या वहीत होतं, म्हणून मी थेट स्टिअरिंगखाली गेलो. स्विचमध्ये येणारी एक वायर आणि इंजिनकडे जाणारी एक वायर, या दोघींवर मीटरच्या दोन पिना लावल्या. चावी चालू असताना चांगल्या स्विचवर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. मीटर टेपने डॅशवर बसवला, मालक गाडी चालवायला आणि मी आकडा बघायला, असे घाट चढलो. वर जाता जाता आकडा दोन व्होल्टच्या पुढे गेला आणि इंजिन अडखळलं. स्विचमागचा कपलर उष्णतेने तपकिरी पडला होता. चावीला घराच्या, ट्रॅक्टरच्या, विहिरीवरच्या खोलीच्या चाव्यांचा जुडगा आणि पितळी पदक लटकत होतं. त्या वजनाने आणि हादऱ्यांनी स्विच आतून ढिला झाला होता. चावी सुटी ठेवा.

रिलेचा संशय असेल तर तसाच दुसरा, हॉर्नचा किंवा पंख्याचा, अदलाबदल करून चालवा. घाईचं असेल तर दुकानात उभ्या गाडीतच रिले हेअर ड्रायरने गरम करून बघा.

फ्यूज कधीमधी उडतो, रोज नाही? सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार कधीच लावू नका, वायरिंग पेटतं. फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा बल्ब लावा आणि त्या लाईनवरची उपकरणं बंद ठेवा. शॉर्ट झाला की बल्ब लख्ख पेटेल. आता वायरिंग हात-हातभर हलवत जा. दाराच्या बिजागरीजवळ, ओम्नीच्या मागच्या दारात, स्टिअरिंगच्या खाली. जिथे हात लागल्यावर बल्ब विझतो किंवा पेटतो, तिथेच घासलेली वायर आहे.

आणि नंतर बसवलेल्या सामानाकडे बघा: गाण्याचा टेप, सेंट्रल लॉक, रिव्हर्सचं म्युझिक, गॅस किट. या सगळ्याचे जोड पिळ देऊन चिकटपट्टी मारलेले असतात, आणि आपल्या उन्हात चिकटपट्टीचा गोंद वितळून जोड उघडा पडतो. गॅस किटची वायर तर बऱ्याचदा कॉइलच्याच वायरीतून खेचलेली असते, म्हणून गाडी बंद पडण्याचं कारण तिथे निघू शकतं. गॅसचा वास येत असेल तर आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, आणि वास जाईपर्यंत कुठेही ठिणगी होऊ देऊ नका. कपाशीच्या घरात उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधा.

दोष सापडला की जोड पिळून सोडू नका. वायर सोलून सोल्डर करा, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा, आणि जोड हलणार नाही असा क्लिपने बांधा. काळा पडलेला कपलर घासून चालवू नका, नवा लावा, कारण त्यातल्या पितळी पट्टीची पकड गेलेली असते. मग गाडी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर आणि तेवढ्याच माणसांसह चालवून बघा. दुपारी घाटात बंद पडत असेल तर सकाळी स्टेशन रोडवर फेरी मारून काही कळत नाही. मीटर तिथेच लावून ठेवा, आणि आकडा घाटमाथ्यावरही शून्याजवळच राहिला की मगच डॅशचे स्क्रू परत बसवा.