कर्जवसुलीत स्वतःची गाडी जप्त होऊ नये म्हणून काय करावे?

हप्ते थकले की अनेक जण धास्तीने फोन उचलणेच बंद करतात आणि ज्या दिवसांत गाडी वाचवता आली असती, नेमके तेच दिवस हातचे घालवतात.

सर्वप्रथम गाडीचे आरसी पाहावे. त्यावर वित्तसंस्थेच्या नावे हायपोथिकेशनची नोंद असेल, तर गाडी त्या कर्जाला तारण आहे आणि करारात तरतूद असल्यास संस्था न्यायालयात न जाताही ताबा घेऊ शकते. गाडीवर कसलाही बोजा नसेल आणि थकबाकी वैयक्तिक कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची असेल, तर धनकोला आधी दावा लावून हुकूमनामा, म्हणजे पैसे फेडण्याचा न्यायालयाचा अंतिम आदेश, मिळवावा लागतो. त्यानंतर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केल्यावर जप्ती येते ती न्यायालयाच्या बेलिफाकरवी. अशा कर्जासाठी वसुली एजंटाला गाडीच्या किल्लीला हात लावण्याचाही अधिकार नाही.

गाडी तारण असेल तर करारातील ताब्याचे कलम शब्दशः वाचावे. नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची पद्धत आणि विक्रीपूर्वी कर्ज फेडण्याची शेवटची संधी या गोष्टी करारात असाव्यात, अशी रिझर्व्ह बँकेची बिगरबँक वित्तसंस्थांना सूचना आहे. नोटिशीच्या मुदतीतच लेखी अर्ज द्यावा; त्यात उत्पन्न का घटले, आज किती भरता येतील आणि उरलेले कोणत्या तारखांना भराल हे आकड्यांनिशी लिहून पोच घ्यावी. माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हाच, कारण फोनवरच्या आश्वासनाचा पुढे पुरावा उरत नाही.

एजंट दारात आल्यास त्याचे ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र पाहावे. वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी व संध्याकाळी 7 नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि गुंडगिरी करून वाहन ओढून नेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच कठोर ताशेरे ओढले आहेत. बळजबरी झाली तर पोलिसांना बोलवावे. ताबा द्यावाच लागला, तर किलोमीटरचा आकडा, स्टेपनी, जॅक आणि पत्र्यावरचे पोचे लिहून त्यावर एजंटाची सही घ्यावी, गाडीतले स्वतःचे सामान काढून घ्यावे, आणि ‘स्वखुशीने ताबा दिला’ अशा छापील कागदावर सही करू नये.

बेलीफ आला तर वॉरंटवरील शिक्का, दरखास्तीचा क्रमांक आणि ऋणकोचे नाव तपासावे. कर्ज वडिलांचे आणि गाडी मुलाची असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 58 खाली मुलाने लिलावापूर्वी हरकत घ्यावी. उशीर झाल्यास न्यायालय ती विचारात घेण्यास नकार देऊ शकते. कलम 60 मध्ये कारागिराच्या हत्यारांना जप्तीतून सूट आहे, मात्र खासगी गाडीचा त्या यादीत उल्लेख नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. पैशाच्या हुकूमनाम्यानंतर हप्ते पाडून घ्यायचे तर धनकोची संमती लागते, तेव्हा तडजोडीची बोलणी दावा चालू असतानाच करणे शहाणपणाचे.

गाडी लपवणे किंवा घाईने नातेवाइकाच्या नावे करणे मात्र पूर्णपणे टाळावे. जप्तीनंतर केलेली विक्री त्या जप्तीपुरती निरर्थक ठरते, आणि धनकोला फसवण्याच्या हेतूने मालमत्ता हलवणे हा गुन्हाही ठरू शकतो.

संस्थेने नियम मोडले असतील तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.