वीस मिनिटं आणि कोरा कागद: आर्ट थेरपी शिकताना सांगितल्याबरोबर चित्र कसं काढावं

आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं, मातीकाम अशा कलेतून मनावर केलेले उपचार, शिकवणाऱ्या वर्गात एक वाक्य सारखं कानावर पडतं: "वीस मिनिटं आहेत, सुरू करा." विषय कधी 'माझं घर' असतो, कधी 'आत्ता शरीरात जे जाणवतंय ते', कधी विषयच नसतो.

या शिक्षणाला येण्याआधी मी अकरा वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. सांगितलं की काढायचं, हेच माझं काम होतं. त्यामुळे इथे आपल्याला काही जड जाणार नाही असं मी धरून चालले होते. पहिल्याच आठवड्यात विषय आला, 'आज सकाळचं मन'. मी झाड काढलं. वाऱ्याने कललेलं, फांदीवर एक पक्षी. शिकवणाऱ्या बाईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे झाड तुम्ही आजवर किती वेळा काढलंय?" शेकडो वेळा काढलं होतं. त्या सकाळी मी घरात भांडून निघाले होते आणि त्या भांडणाची एक रेघही कागदावर नव्हती.

तेव्हापासून जे शिकत गेले ते सांगते. सराईत हात असलेल्यांना आणि शाळेनंतर ब्रश न धरलेल्यांना, दोघांनाही ते उपयोगी पडेल. चित्र चांगलं येणं आणि चित्राने आपलं काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर्ट थेरपीवर संशोधन करणाऱ्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्रं, कोलाज, मातीकाम असं काही ना काही केलं. त्यांतल्या सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी चित्रकला केली होती की नव्हती, याने फरक पडला नाही.

विषय ऐकला की डोक्यात चित्र शोधायला जाऊ नका. आधी साहित्य निवडा. केगिन आणि लुसेब्रिंक या आर्ट थेरपिस्टनी १९७८ मध्ये मांडलेली एक चौकट आम्हाला शिकवतात. तिच्यातलं माझ्या सर्वांत कामी आलेलं सूत्र साहित्याबद्दलचं आहे. पेन्सिल, स्केचपेन, कात्रणं हाताच्या ताब्यात राहतात. ओले जलरंग, बोटांनी फासायचे रंग आपल्याला ओढून नेतात. तेलखडू कुठेतरी मध्ये. म्हणून मी आधी स्वतःकडे बघते. रात्रभर झोप नसेल, रडू घशाशी असेल, तर पेन्सिल आणि तळहाताएवढा कागद. उलट आत काहीच हलत नसेल, सगळं बधिर वाटत असेल, तर मोठा कागद भिजवून त्यावर रंग सोडते. आमच्या वर्गात बरेच जण नेमकं उलटं करतात. मन भरून आलेल्या दिवशी भरपूर पाणी घेतात आणि मग स्वतःला आवरता आवरत नाही. निवडायला दोन मिनिटं लागली तर लागू द्या, ती वाया जात नाहीत.

पुढची पाच मिनिटं फक्त हाताची. फ्लॉरेन्स केन या कलाशिक्षिकेची गिरगोट्यांची एक पद्धत आहे. त्यांच्या बहिणीने, मार्गारेट नॉमबर्ग यांनी, ती उपचारांत आणली. उभं राहायचं, खांद्यापासून पूर्ण हात हवेत फिरवायचा, लय सापडली की डोळे मिटून तीच हालचाल कागदावर उतरवायची. मग कागद चारही बाजूंनी फिरवून बघायचा, कुठे काही आकार दिसतो का. दिसला तर तो पुढे वाढवायचा. मी यात एक भर घातली: गिरगोटे डाव्या हाताने. माझा उजवा हात संधी मिळताच झाड काढतो.

तरीही सुचत नसेल तर अडकणंच काढा. ते कुठे बसलंय, छातीत की मानेत? केवढं आहे? रंग कोणता? एकदा मी वीसही मिनिटं कागद फाडत बसले होते आणि शेवटी तुकडे एका वर्तुळात चिकटवले. वर्गातलं माझं पहिलं खरं काम तेच.

आता सर्वांत महत्त्वाचं: किती उघडायचं ते सुरुवातीलाच ठरवा. वर्ग म्हणजे तुमची थेरपी नव्हे. सहामाहीत विषय होता 'हरवलेलं'. मी वडिलांचा चष्मा काढला. त्यांना जाऊन चारच महिने झाले होते. वर्गासमोर चित्राबद्दल सांगायची पाळी आली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, आणि उरलेला तास मी जिन्यात बसून काढला. विषय ऐकून मनात जे पहिलं येतं ते काढायलाच हवं असा नियम नाही. आता तसं काही वर आलं तर मी ते कागदाच्या कोपऱ्यात लहानसं काढते आणि तो कोपरा दुमडून टाकते. दुमडलेलं माझं, उरलेलं वर्गाचं. ते नंतर माझ्या स्वतःच्या थेरपिस्टसमोर उघडते. "मी आज बोलणार नाही" म्हणायचा हक्क वापरा. उद्या समोरचा माणूस हेच म्हणेल, तेव्हा तुम्हाला ते मनापासून मान्य करता यायला हवं.

दाखवताना "मला काही जमलं नाही" ने सुरुवात करू नका. हात कुठे जोरात दाबला गेला, कोणता रंग घेऊन परत ठेवला, ते सांगा. दुसऱ्याच्या चित्रावर बोलताना "काळा म्हणजे दुःख" असली भाषांतरं नकोत. "इथे रेघ जाड झालीये, तेव्हा काय चाललं होतं?" एवढं पुरे. कोणाच्या कामाचा फोटो न विचारता काढू नका. स्वतःच्या कागदामागे तारीख, साहित्य आणि दोन ओळी लिहून ठेवा.

थेरपीसाठी आलेल्या लोकांबरोबर प्रत्यक्ष काम सुरू झालं की हीच सवय सेशननंतर कामी येते. व्यक्ती गेल्यावर मी दहा मिनिटांत पोस्टकार्डाएवढं चित्र काढते. त्यांचा चेहरा नाही, नाव नाही, फक्त माझ्यात काय उरलं ते. ते सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपलं काम तपासायच्या बैठकीला, नेते. एका मुलाबरोबरच्या तीन सेशनांत मी रोज नवा विषय देत होते आणि तो कागदाला हात लावत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी बंद दार काढलं. सुपरव्हायझरनी बोट ठेवून दाखवलं की दाराची कडी मी माझ्या बाजूला काढली होती. चौथ्या सेशनला मी विषय दिला नाही. खडू त्याच्या बाजूला सरकवले आणि गप्प बसले. निघायला सहा मिनिटं उरली असताना त्याने एक उचलला.