बोटीवर गाणी आणि पोहणं असा बेत आहे? मग या चुका टाळा

किनाऱ्याच्या कडेकडेने निवांत जाणारी बोट, हळू आवाजात गाणी, मध्येच एखाद्या आडोशाच्या जागी नांगर टाकून तासभर पोहणं, याच्याइतकी छान सुट्टी मला तरी दुसरी माहीत नाही. बरीच वर्षं मी मित्रमंडळींचे, नातेवाईकांचे असे ग्रुप घेऊन जातेय आणि दरवेळी कोणीतरी नवीन असतं आणि दरवेळी चुका मात्र त्याच जुन्या असतात. आता खरंच कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दोन-तीन गोष्टींवर जास्त लिहिणार आहे कारण त्यात जीव जाऊ शकतो, बाकीच्या पटापट.

माणसं पाण्यात आणि गाणी फुल्ल आवाजात

ही माझ्या डोक्यात जाणारी एक नंबरची चूक. सगळ्यांना वाटतं गाण्यांचा आवाज म्हणजे फार तर शेजारच्या बोटीला त्रास. तसं नाही. पाण्यातल्या माणसाचा बोटीशी संबंध फक्त त्याच्या आवाजाने असतो, आणि तो आवाजच आपण बंद करून टाकतो.

एकदा आम्ही आठ जण होतो. एका टोकाच्या आडोशाला नांगर टाकला, पाणी वरून अगदी गुळगुळीत, काचेसारखं. मैत्रिणीचा नवरा उत्तम पोहणारा, रोज स्विमिंग पूलमध्ये तासभर पोहणारा माणूस. इंजिन बंद झाल्या झाल्या त्याने मागून उडी मारली आणि मस्त हात मारत निघाला. त्याला वाटलं आपण आज काय भारी पोहतोय, कारण प्रत्येक हातामागे तो सुळकन पुढे जात होता. ते त्याचं पोहणं नव्हतं, ओहोटीचा प्रवाह होता. मागे वळला तेव्हा बोट साठ-सत्तर मीटरवर, आणि कितीही हात मारले तरी तेवढीच लांब. त्याने हात वर केला. बोटीवर गाणं जोरात चालू होतं, दोघंतिघं नाचत होते, त्यांना वाटलं हाही तिकडून नाचतोय, त्यांनी उलट हात हलवला!

तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं, लक्ष गेलं म्हणून वाचलो. तरी लगेच जाता येईना, कारण बाकीचे तिघं बोटीच्या मागेच पाण्यात होते, ती माणसं वर घेतल्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही, आणि शिडी खाली सोडलेलीच नव्हती. शिडी सोडा, तिघांना वर घ्या, नांगर उचला, या सगळ्यात सहा-सात मिनिटं गेली. त्याला वर घेतला तेव्हा त्याने लाइफ रिंगचा दोर इतका घट्ट धरला होता की बोटीवर बसल्यावरही बोटं उघडेनात, बायकोने एकेक बोट सोडवलं. नंतर तो एवढंच म्हणाला, "मी हाका मारत होतो आणि तुम्ही गाणं बदललंत." ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

त्याला निदान हात तरी वर करता आला. खरोखर बुडणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तेही जमत नाही. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन लाइफगार्डने १९७० च्या दशकात याचं बारकाईने निरीक्षण करून ठेवलंय. बुडणारा माणूस ओरडत नाही, कारण तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात तो जेमतेम श्वास घेऊ शकतो. हात वर जात नाहीत, ते दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. अंग उभंच्या उभं, पाय मारल्याचं दिसत नाही. आणि हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं, म्हणजे अख्खं एक गाणंही पूर्ण होत नाही.

म्हणून माझा नियम, आणि यावर मी कोणाशी वाद घालत नाही: पहिला माणूस पाण्यात गेला की गाणी इतकी हळू की पाण्यातून साध्या आवाजात मारलेली हाक वर ऐकू आली पाहिजे. आणि एक जण राखणीला. त्याच्या हातात मोबाईल नाही, पेला नाही, डोळे पाण्यावर. वीस मिनिटांनी दुसरा. "सगळेच बघतायत की" असं म्हणतात तेव्हा कोणीच बघत नसतं.

पाणी शांत दिसतंय म्हणजे प्रवाह नाही असं समजणं

वरच्या गोष्टीतली खरी चूक हीच. लाट आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोब साधा आहे, १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ३० मीटर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण २ नॉटचा प्रवाह असेल तर मिनिटाला ६० मीटर, आणि त्याच्या उलट दिशेने पोहून बोट गाठणं आपल्यासारख्या हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मी काय करते ते सांगते. जाड तरंगणारा दोर, साधारण ३० मीटरचा, त्याच्या टोकाला एक बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा. नांगर टाकला की पहिल्यांदा तो बोया मागून पाण्यात सोडायचा आणि घड्याळ बघायचं. १५ मीटर दोर अर्ध्या मिनिटात निघून गेला तर प्रवाह १ नॉटचा आहे, मग दोर हातात धरून डुंबायचं, पोहायचं नाही. त्याहून जोरात गेला तर कोणीच उतरायचं नाही, पुढची जागा बघायची. दोर आळसावून तिथेच पडून राहिला तर खुशाल पोहा. दोर शेवटपर्यंत तसाच मागे सोडून ठेवायचा, कोणी वाहायला लागला तर त्याच बाजूला वाहणार आणि धरायला काहीतरी असणार. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. नवख्या लोकांना ही दोन मिनिटंच काढवत नाहीत, कपडे काढून काठावर उभे असतात, "उतरू का? उतरू का?" नाही, थांबा.

आणि पोहायला सुरुवात नेहमी प्रवाहाच्या उलट दिशेने. दमलात की प्रवाह तुम्हाला बोटीकडेच आणून सोडतो. आधी सोप्या दिशेने गेलात तर अवघड भाग दमल्यावर वाट्याला येतो.

दिवस ठरवताना तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं-उतरतं त्यामुळे प्रवाहही जोरात. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे साधारण सहा तास पाणी चढतं, पण ते सारख्या वेगाने नाही चढत, मधल्या दोन तासांतच जवळजवळ अर्धं पाणी येऊन जातं. पोहणं त्या मधल्या तासांत ठेवू नका. भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या आधी पाणी थोडा वेळ थबकतं, ती वेळ साधा. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशीच तांडेलाला विचारून घ्यायच्या, बोटीत बसल्यावर नाही.

"मला नाही लागत बोट"

हे म्हणणारा माणूस दुपारी बारा वाजता कठड्यावर वाकलेला असतो, मी इतक्यांदा बघितलंय. गाडी लागत नाही म्हणून बोटही लागणार नाही असं काही नसतं. आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, बोट चालू असताना जेवढं होतं त्यापेक्षा नांगर टाकून उभी असताना जास्त होतं, कारण ती एका लयीत पुढे न जाता जागच्या जागी डुलत राहते. म्हणजे नेमकं पोहायच्या आणि जेवायच्या वेळी!

मुळात भानगड अशी की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो आपण हलतोय आणि डोळे समोरच्या स्थिर गोष्टीकडे बघून सांगतात हलत नाही, मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला पहिला आडवा होतो. आणि बरं वाटत नाही म्हणून जो खाली केबिनमध्ये जाऊन झोपतो त्याचं आणखी बिघडतं. वर या, बोटीच्या मध्यभागी बसा, तिथे डुलणं सगळ्यात कमी असतं, आणि लांब क्षितिजावर नजर ठेवा. इंजिनाचा धूर येतो तिथून लांब.

गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी तासभर. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. स्कोपोलामिनचा कानामागे लावायचा पॅच असतो तो किमान चार तास आधी लावावा लागतो आणि तीन दिवस चालतो, पण तो डॉक्टरांना विचारूनच. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून मी नवीन माणसाला सांगते की आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघ. गुंगी येत असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही आणि त्यावर दारू तर अजिबातच नाही. उपाशीपोटी येऊ नका, तुडुंब खाऊनही येऊ नका.

इंजिन, धूर, शिडी

"न्यूट्रलमध्ये आहे, उतरा" हे चालवून घेऊ नका. न्यूट्रलमध्येही बोटीखालचा, बोट पुढे ढकलणारा पंखा हळू फिरत राहू शकतो, आणि चुकून गिअर पडायला एक धक्का पुरतो. इंजिन पूर्ण बंद, मग शिडी खाली, मग माणूस खाली, याच क्रमाने.

जनरेटरही बंद. गाण्यांच्या सिस्टीमसाठी आणि थंड पेयांसाठी जनरेटर चालू ठेवतात आणि मागच्या फळीला धरून लोक पाण्यात गप्पा मारत बसतात, नेमकं तिथेच धुराचं तोंड असतं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, माणूस बेशुद्ध होतो आणि पाण्यात असल्यामुळे थेट बुडतो. उघड्यावर काय होणार असं वाटतं, पण उघड्या हवेतही बोटींच्या मागे असे मृत्यू झालेले आहेत.

स्पीकर कंपासशेजारी ठेवणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे. मोठा स्पीकर ठेवायला सपाट जागा हवी म्हणून सुकाणूपाशी ठेवला. स्पीकरमध्ये तगडं चुंबक असतं, कंपासची सुई भलतीकडेच बघायला लागली. तांडेलाने एका नजरेत ओळखलं आणि स्पीकर उचलून शांतपणे माझ्या हातात दिला. तेव्हापासून स्पीकर लांब, आणि बांधलेला. गाणं वाजताना त्याच्या थरथरीने तो सरकत सरकत कडेला येतो.

गाणी घरूनच डाउनलोड करून आणा, किनारा सुटला की नेटवर्क जातं आणि मग सगळे मोबाईल वर धरून फिरतात. वॉटरप्रूफ शब्दावर फार विसंबू नका, खोक्यावर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं म्हणजे वस्तू १ मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटं टिकते एवढंच, खाऱ्या पाण्याची ती परीक्षा नव्हे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने पुसून, चार्जिंगची जागा पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावा.

बाकीच्या, पटापट

लाइफ जॅकेट अंगावर घालून दोन्ही खांद्यांना धरून कोणालातरी वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर सैल आहे. बसायला उशी म्हणून जॅकेट वापरणाऱ्याला मी उठवते, वय बघत नाही.

आधी पोहणं, मग पिणं. उलटा क्रम माझ्या बोटीवर चालत नाही.

हवा भरलेले बदक, गादी, रिंगा वाऱ्याने इतक्या वेगाने पळतात की त्यांच्या मागे पोहणं हा मूर्खपणा आहे. दोराने बांधा, नाहीतर आणू नका. सुटलं तर सुटलं, मागे जायचं नाही.

अंगठ्या काढून ठेवा. उडी मारताना अंगठी कशात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते.

सनस्क्रीन निघण्याआधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. स्प्रेवालं डेकवर मारू नका, फळी तेलकट होते आणि पुढचा माणूस घसरतो.

जेलीफिश डसली तर लघवी, गोडं पाणी, वाळूने घासणं, यातलं काहीही नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, निदान २० मिनिटं ठेवा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर तडक डॉक्टर.

सकाळी लवकर निघा. ऊन चढलं की जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे सुटतात, दुपारपर्यंत पाणी खवळायला लागतं. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस सगळीकडे दिसायला लागला की वारा ११ नॉटच्या वर गेलाय, पोहणं बंद. तांडेल "आता परत" म्हणाला तर परत. "अजून अर्धा तास, फोटो राहिलेत" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, त्या माणसाने तो समुद्र हजार वेळा बघितलेला असतो.

निघताना डोकी मोजतात तेही चुकीचं. कोणी केबिनमध्ये असतं, कोणी टॉयलेटमध्ये, एकाला दोनदा मोजलं जातं. मी सकाळीच प्रत्येकाला आकडा देते. पाण्यात जाताना शिडीपाशी मोठ्याने आपला आकडा सांगायचा, वर आल्यावर पुन्हा सांगायचा, राखणीवाला वहीत खूण करतो. नांगर उचलायच्या आधी सगळ्यांनी ओळीने एक-दोन-तीन-चार करत ओरडायचं, शेवटचा आकडा ऐकू येईपर्यंत तांडेल किल्लीला हात लावत नाही. तो आकडा आला की मग गाणी हवी तेवढी मोठी करा, नाचा, मीही येते.