लोहलेपित वाळूने पाण्यातील शिसे आणि तांबे काढण्याची प्रयोगशाळेतील रीत

साधी वाळू पाण्यात विरघळलेले शिसे किंवा तांबे फारसे धरून ठेवत नाही. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप बसवला, की त्या लेपावरील हायड्रॉक्सिल गट धातूंचे आयन बांधून घेतात. नुसत्या ऑक्साइडच्या भुकटीने स्तंभ (पाणी ज्यातून सोडतात ती भरलेली उभी नळी) तुंबतो. लेपित दाण्यांमधून मात्र पाणी सहज वाहते.

चाळून घेतलेली अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची वाळू विरल हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर भिजवावी, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी आणि वाळवावी. मग ती जेमतेम बुडेल इतके फेरिक नायट्रेटचे तीव्र द्रावण व थोडे सोडियम हायड्रॉक्साइड घालून, अधूनमधून ढवळत, ओव्हनमध्ये ११० अंश सेल्सिअसला पूर्ण कोरडी करावी. या वेळी आम्लयुक्त वाफा निघत असल्याने ओव्हनची हवा बाहेर खेचण्याची सोय हवी. गुठळ्या मोडून पाणी नितळ निघेपर्यंत वाळू पुन्हा धुवावी. या धुण्यात घाई झाली, तर सुटलेले लोहकण धातू घेऊनच स्तंभाबाहेर येतात आणि सगळी मोजमापे फसतात.

खरी कळ सामूत (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणाऱ्या pH या अंकात) आहे. आम्लधर्मी पाण्यात लेपाचा पृष्ठभाग धनभारित असतो, म्हणून धन आयन त्यावर बसत नाहीत. सामू वाढला, की थोड्याच टप्प्यात अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर आयन धरले जाणे, झपाट्याने वाढते. शिसे तांब्याच्या आधी, म्हणजे कमी सामूला धरले जाते, तर जस्त आणि कॅडमियम यांना त्याहून अधिक सामू लागतो. (आर्सेनेट हा आर्सेनिकचा आयन ऋणभारित असल्याने त्याचे वागणे नेमके उलटे.) मात्र सामू फार चढवल्यास धातू हायड्रॉक्साइडचा साका होऊन खाली बसतो आणि ते श्रेय चुकून वाळूला दिले जाते, म्हणून बिनलेपाच्या वाळूचा एक स्तंभ त्याच पाण्यावर सोबत चालवणे मी अनिवार्य मानतो.

शंभर मिलिलिटर वाळूच्या स्तंभातून मिनिटाला दहा ते वीस मिलिलिटर पाणी सोडावे. नमुने ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मगच आम्लित करावेत. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यातील शिसे या मर्यादेच्या जवळ आले, की प्रवाह थांबवावा.

वाळू पुन्हा वापरण्यासाठी सामू २ च्या आसपास असलेले विरल नायट्रिक आम्ल त्यातून सोडावे. त्याहून तीव्र आम्ल लेपच विरघळवू लागते. उतरलेला सगळा धातू या थोड्याशा आम्लात एकवटलेला असतो, त्यामुळे ते बेसिनमध्ये न ओतता जड धातूंच्या घातक कचऱ्यातच जमा करावे.