महाकाय रोबो चालवताना पाय आणि धड वेगळे समजा

मेकवॉरिअर ५ हा महाकाय रोबो चालवायचा व्हिडिओ गेम सुरू केल्यावर रोबो भिंतीला धडकत राहतो, याचं कारण बहुतेकदा एकच असतं: आपण तो माणसासारखा चालवायला जातो. तो रणगाड्यासारखा आहे. पाय एका दिशेला, धड दुसऱ्या दिशेला.

म्हापशाला भाचा सुट्टीत आला होता, त्याला मी गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीचं उदाहरण दिलं. बोट चोडणकडे चाललीय, आणि तू कठड्याला टेकून मान वळवून पणजीकडे बघतोयस. बोट म्हणजे कीबोर्ड, मान म्हणजे माउस. त्याला लगेच कळलं.

पहिला अर्धा तास गोळीबार नकोच. वेग निम्म्यावर ठेवा, एखाद्या इमारतीभोवती फेऱ्या मारा आणि नजर सतत त्या इमारतीवर ठेवा. गोंधळ झाला की धड पायांच्या रेषेत आणणारं बटण दाबायचं. ते सेटिंगमध्ये शोधून अंगठ्याजवळच्या कीवर घ्या. हे एकच बटण माझ्या मते सगळ्यात मोलाचं आहे.

नंतर शस्त्रं. सगळी एकदम डागली तर उष्णता वाढून रोबो बंद पडतो, म्हणून गट पाडून आळीपाळीने डागा.

२००२ च्या स्टील बटालियन या अशाच रोबो-गेमला तर चाळीसेक बटणांचा आणि तीन पेडलांचा वेगळा कंट्रोलरच होता. रोबो नष्ट होण्याआधी वेळेत इजेक्ट केलं नाही, म्हणजे त्यातून बाहेर उडी मारली नाही, तर सेव्ह केलेला खेळच पुसला जायचा! त्यापुढे तुमचा कीबोर्ड फारच सोपा.