पहिलं पॉलिशिंग मशीन घेताना वॅट बघू नका, पॅड फिरतंय का ते बघा

गाड्या पॉलिश करायच्या धंद्यातली धुलाई, क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती), मास्किंग (कडांना टेप लावणं) हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. रोटरी (पॅड नुसतं गोल फिरतं) आणि डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, पॅड झुलतं आणि फिरतंही) यातला फरकही तुम्ही कुठेतरी वाचलेला असेल. खरा प्रश्न पैसे कशात घालायचे हा आहे, आणि नागपुरात या धंद्यात नव्याने उतरणारी बरीच पोरं तो दुकानदारावर सोडून देतात. इतवारीच्या बाजारात जाऊन "पॉलिशर दाखवा" म्हटलं की समोर रोटरी येते, कारण डेंटिंग-पेंटिंगवाले वर्षानुवर्षं तीच नेतात. वरून कुणी सल्ला देतो की ग्राइंडर आहेच ना, त्यालाच पॅड लाव. असलं काही करू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, पॉलिशिंगची रोटरी 600 ते 3,000 मध्ये चालते. कंपनीच्या रंगाची सगळी जाडी साधारण 100 ते 130 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदापेक्षा फार जास्त नाही, आणि त्यातला क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, 40-50 चा. बॉनेटच्या कडेवर तो आणखी पातळ असतो. एकदा गेला की पॉलिशने परत येत नाही, पॅनेल रंगवावंच लागतं.

म्हणून पहिलं मशीन डीएच घ्या. रोटरी वाईट नाही. जुन्या उस्तादांच्या हातात ती जे काम करते ते बघत राहावं असं असतं. पण तो हात कमवायला वर्षं जातात, आणि तोवर तुम्ही ग्राहकाच्या गाडीवर होलोग्राम सोडत असता. ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत. गाडी उन्हात निघाली की बॉनेटवर धुरकट पट्टे नाचतात आणि फोन येतो.

आता डीए घ्यायचं ठरल्यावर जो सापळा लागतो, त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी त्यात फार दिवस रुतून होतो.

व्हिडिओत सगळे मोठे लोक 21 मिलिमीटर थ्रोचं मशीन चालवतात. पॅड जिच्यावर बसतं ती प्लेट ज्या गोलात झुलते, त्या गोलाचा व्यास म्हणजे थ्रो. मोठा थ्रो म्हणजे लवकर काम, असं वाटतं, आणि सपाट, मोठ्या पॅनेलवर ते खरंही आहे. पण तुमच्याकडे पहिल्या वर्षी येणार काय? वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन. दारावर खोल रेषा, मडगार्डला गोलाई, पिलर चार बोटं रुंद. तिथे सहा इंची प्लेटचं 21 चं मशीन टेकवलं की पॅड थरथरतं, पण फिरत नाही. नेहमीच्या डीएमध्ये मोटर फक्त प्लेटचं झुलणं चालवते. प्लेट स्वतःभोवती फिरते ती मोकळ्या बेअरिंगवर, झुलण्याच्या जोरावर. पॅडची एक कड जास्त दाबली गेली, पॅनेल वाकडं असलं, किंवा तुम्ही अंग टाकून रेटलं, की ते फिरणं थांबतं. आवाज तसाच येतो, हाताला झिणझिण्या तशाच येतात, आणि ओरखडे मात्र जवळजवळ जागचे हलत नाहीत.

यात फसवणारी गोष्ट अशी की दोष मशीनकडे जातच नाही. वाटतं कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, हलकं आहे. मग महागडं जर्मन कंपाउंड आणलं. मग वाटलं फोम मऊ पडतोय, मग मायक्रोफायबर पॅड. मग आणखी दाब, आणि दाब वाढला की पॅड आणखी घट्ट थांबतं. तेव्हा मला हे काम आपल्याच्याने होणारच नाही असं वाटायला लागलं होतं. त्या दिवसांची आठवण आजही नको वाटते, म्हणूनच हे इतकं उगाळतोय.

उपाय एका मार्करचा आहे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर काळी रेघ ओढा आणि चालू मशीनवर तिच्यावर नजर ठेवा. रेघ गोल फिरताना दिसली तर काम होतंय. एकाच जागी थरथरत राहिली तर थांबा, दाब कमी करा, पॅड पॅनेलला सपाट बसवा, ब्रशने साफ करा. कंपाउंडने चिंब झालेलं पॅडही अडकतं. एवढं करूनही गोलाईवर रेघ हलत नसेल, तर प्लेट आणि थ्रो त्या पॅनेलला मोठे आहेत.

माझं म्हणणं, पहिलं मशीन 15 मिलिमीटरचं, पाच इंची प्लेटचं घ्या. 12 चं मिळालं तरी आनंदाने घ्या. मारुती-होंडाचा रंग बहुतेक वेळा मऊ असतो, त्याला एवढं पुरतं. कडक रंगाच्या जर्मन गाड्या तुमच्या दारात लगेच येणार नाहीत, आल्या तरी वेळ जास्त लागेल, इतकंच. पाच इंचीच्या मशीनवर सहा इंची प्लेट चढवायचा शॉर्टकट मात्र नको. आतलं वजन ठरावीक प्लेट-पॅडसाठी तोललेलं असतं, ते बिघडलं की मशीन हातात उडतं आणि बेअरिंग लवकर जातं.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मशीन मागवणार असाल तर व्होल्टेज बघा. तिकडचं 110-120 चं असतं, आपल्या 230 वर जळेल. कार्बन ब्रश आणि प्लेट गावात मिळते का हे आधी विचारा. वाचलेले पैसे पॅडमध्ये घाला, दोन-तीन पॅडवर अख्खी गाडी होत नाही. त्यानंतर चांगला लाइट, मग रंगाची जाडी मोजायचं मीटर. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही, आणि रीडिंग एकदम दुप्पट-तिप्पट आलं तर ते पॅनेल पुन्हा रंगवलेलं किंवा पुट्टी भरलेलं आहे असं समजा.

उन्हाळ्याचंही सांगतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा पॅनेल तापलेलं असतं आणि कंपाउंड पसरायच्या आत वाळून पांढरी भुकटी होते. ती पॅडमध्ये बसते आणि पॅड पुन्हा अडकतं. पहाटेच काम उरका. कूलरचं तोंड गाडीकडे नको, त्याच्यातून धूळ येते आणि पाण्याचे शिंतोडेही. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूने आलेल्या गाडीवर राख असते, ती नीट धुतल्याशिवाय पॅड टेकवलंत तर तीच राख रंगावर घासाल.

उस्ताद निवडताना मी एकच बघतो. काम झाल्यावर तो पॅनेल आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून गाडी उन्हात काढतो का? कंपाउंडमधलं तेल ओरखडे झाकतं, पुसल्यावर खरं दिसतं. जो ट्यूबलाइटखालीच चावी देतो त्याच्याकडे मास्किंग शिका, पॉलिश नको. माझा उस्ताद म्हणायचा, "काऊन घाबरून राहिला बे, उन्हात काढ ना गाडी." चिडचिडा माणूस होता, पण काम उन्हात बघायचा.

सरावाला भंगारातून काळं बॉनेट आणा. काळ्यावर प्रत्येक चूक दिसते. ग्राहकाच्या गाड्या सुरुवातीला पांढऱ्या आणि सिल्व्हरच घ्या, काळ्या गाडीचा मालक कितीही पैसे देत असला तरी त्याला दोन महिने थांबवा. पहिल्या चार-पाच गाड्यांना दिवसाच्या जागी दोन दिवस लागतील. लागू द्या, सगळ्यांना लागतात.